हुरड्याची आगटी आणि पीटचा धूर : हलक्या धुराच्या माल्टचा इतिहास

(दीर्घ धागा)

पौष-माघात घोड नदीच्या खोऱ्यात, निरगुडसर, पारगाव, अवसरीच्या शिवारात ज्वारीची कणसे हुरड्यात आली की आगटी पेटते. जमिनीत लहानसा खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर कणसे. भाजलेला हुरडा हातावर चोळून तोंडात टाकला की आधी दाण्याची गोडी लागते आणि तिच्यामागून धुराची एक बारीक रेघ येते. ही रेघ कोणी चवीसाठी योजलेली नाही. दख्खनच्या पठारावर सरपणाची टंचाई जुनी, म्हणून शेणी थापल्या गेल्या. शेणी होत्या म्हणून त्यांवर कणसे भाजली गेली. आणि पिढ्यान्‌पिढ्या तसेच खाल्ल्यामुळे तो धूर हुरड्याचा गुण ठरला.

स्कॉटलंडच्या ‘पीटेड’ म्हणजे धुरकट सिंगल माल्ट व्हिस्कीचा इतिहास याच वाटेने गेला आहे. या मद्याकडे नव्याने वळणाऱ्यांचा एक समज असा की धूर हा तिखटासारखा असतो. अट्टल पिणाऱ्याला भरपूर, नवशिक्याला चिमूटभर. म्हणजे हलक्या धुराची व्हिस्की ही जहाल व्हिस्कीची सौम्य आवृत्ती. इतिहास मात्र वेगळे सांगतो. हलका धूर स्वतंत्र परंपरेतून आला आहे. इंधन, रेल्वे, बाजारपेठ आणि कर यांनी तो घडवला, आणि महाराष्ट्रातल्या पिणाऱ्यांच्या पेल्यात तो बऱ्याच काळापासून नकळत पोहोचलेला आहे.

प्रथम पीट म्हणजे काय ते पाहू. थंड, पाणथळ माळावर शेवाळ, गवत, हेदरची झुडपे मरतात, पण पाण्याखाली प्राणवायू नसल्यामुळे पूर्ण कुजत नाहीत. त्यांचे थर साचत जातात. सर्वसाधारणपणे वर्षाला एक मिलिमीटर. एक मीटर जाडीचा थर म्हणजे हजार वर्षांची पुंजी. लांब पात्याच्या फावड्याने त्याच्या विटा कापायच्या, उन्हावाऱ्यात वाळवायच्या आणि चुलीत घालायच्या. लाकूड दुर्मीळ असलेल्या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर घरची चूल याच विटांवर चाले.

मद्याशी त्याचा संबंध जोडला तो धान्य वाळवण्याच्या गरजेने. बार्ली (आपल्याकडचे जव) भिजवून तिला मोड आणतात. मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरे तयार होतात. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या प्रत्येक मराठी घराला ही क्रिया ठाऊक आहे. माल्ट म्हणजे याहून वेगळे काही नाही. फरक एवढाच की आपल्याकडे मोड आलेली नाचणी उन्हात वाळते आणि स्कॉटलंडच्या हवेत असे ऊन पडत नाही. म्हणून भट्टी, म्हणून इंधन, म्हणून पीट. दाणा ओला असतो तोवर धुरातले फिनॉल वर्गातले पदार्थ त्याच्या सालीला चिकटतात. दाणा कोरडा झाला की ते फारसे धरत नाहीत. तेव्हा पीट किती जाळले याइतकेच केव्हा जाळले यालाही महत्त्व असते.

इंधनटंचाईच्या या दोन कथा, दख्खनची आणि स्कॉटलंडची, जुन्नरच्या भूमीत एका माणसापाशी एकत्र येतात. अलेक्झांडर गिब्सन हा किंकार्डिनशायरमधला स्कॉटिश शल्यवैद्य. १८३८ पासून तो दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. जुन्नर तालुक्यातील हिवरे येथील औषधी वनस्पतींची बागही त्याच्याच देखरेखीखाली होती. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. सह्याद्रीची झाडे अशीच तुटत राहिली तर झरे आटतील, हवामान बिघडेल, असे इशारे त्याने सरकारला दिले. ज्याच्या मायदेशात लोक मातीच्या विटा जाळत होते, त्याने गोवऱ्या जाळणाऱ्या प्रदेशात येऊन जंगल राखण्याची भाषा करावी, हा योगायोग दुर्लक्षिण्यासारखा नाही. गिब्सनचा व्हिस्कीशी येथे संबंध जोडायचा नाही. परंतु चव समजण्यासाठी आधी सरपण समजावे लागते, हे त्याच्या कामातून चांगले उमगते.

आता धूर हलका कसा झाला याकडे वळू. १८२३ च्या अबकारी कायद्याने स्कॉटलंडमध्ये परवानाधारक गाळपाला वाव मिळाला आणि चोरट्या भट्ट्यांची सद्दी संपत आली. तरी इंधन तेच राहिले. खरा बदल घडवला तो रेल्वेने. १८६३ मध्ये स्पे नदीच्या खोऱ्यात लोहमार्ग पोहोचला आणि त्याबरोबर कोळसा व कोक आले. कोक जवळजवळ निर्धूर जळतो. त्याच सुमारास वेगवेगळ्या व्हिस्की एकत्र करून विकणारे ‘ब्लेंडर’ व्यापारी पुढे आले होते. लंडनच्या गिऱ्हाइकाला फार उग्र काही नको होते. तेव्हा स्पेसाइडच्या कारखान्यांनी पीट कमी केले, आणि विसाव्या शतकात बहुतेकांनी सोडूनच दिले. ग्लेनलिव्हेट, ग्लेनफिडिक या नावांत आज धूर सापडत नाही तो यामुळे.

मात्र पीट सर्वत्र एकाच वेगाने गेले नाही. जेथे ते अर्धवट गेले, तेथेच आजचा हलका धूर उरला आहे.

किन्टायर द्वीपकल्पाच्या टोकाशी कॅम्बलटाउन हे बंदर आहे. एके काळी तेथे तीसच्या आसपास डिस्टिलऱ्या होत्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या एकामागून एक मिटल्या आणि दोन उरल्या. त्यांपैकी १८२८ ची स्प्रिंगबँक ही धुराची चालतीबोलती प्रयोगशाळा म्हणावी लागेल. तेथे आजही बार्ली फरशीवर पसरून, हाताने उलटीपालटी करून मोड आणतात. एकाच आवारात तीन प्रकारची माल्ट व्हिस्की होते. हेझलबर्नची बार्ली सुमारे तीस तास नुसत्या गरम हवेवर वाळते. स्प्रिंगबँकची बार्ली आधी सहा तास पीटच्या धुरात आणि मग चोवीस तास गरम हवेत. लाँगरोची बार्ली अठ्ठेचाळीस तास पीटवर. अर्थात तिन्हींच्या ऊर्ध्वपातनाची रीतही वेगळी आहे, त्यामुळे सगळा फरक धुराच्या खात्यावर मांडता येत नाही. तरीही सहा तास आणि अठ्ठेचाळीस तास यांतले अंतर जिभेला ताबडतोब कळते. स्प्रिंगबँकमध्ये धूर हा फोडणीतल्या हिंगासारखा आहे. वेगळा काढून दाखवता येत नाही, पण नसता तर चुकला असता.

उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर १७९८ हे स्थापनावर्ष सांगणारी हायलंड पार्क आहे. तेथे झाडे जवळजवळ नाहीत, त्यामुळे तिथल्या पीटमध्ये लाकडाचा अंश अल्प आणि हेदरचा पुष्कळ. धूर येतो तो उदासारखा, काहीसा मधाळ. शिवाय ही डिस्टिलरी आपल्या गरजेच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढेच माल्ट स्वतः पीटवर वाळवते आणि बाकीचे निर्धूर घेते. मिश्रणातूनच सौम्यपणा साधायचा ही युक्ती लक्षात ठेवावी. पुढे बंगळुरात तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

आणि मग आयला. बेटाचे नाव असेच उच्चारतात. मराठी कानाला ते ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे, आणि तिथल्या लाफ्रॉइगचा पहिला घोट घेणाऱ्याच्या तोंडून तोच उद्गार निघाल्यास दोष देता येत नाही. कोळसा आणणारी रेल्वे बेटावर येणे शक्यच नव्हते, पीट मात्र अमाप. म्हणून धूर तेथे टिकला. माल्टमधील फिनॉलचे प्रमाण दशलक्ष भागांत मोजतात. आर्डबेगमध्ये ते सुमारे ५५, लाफ्रॉइगमध्ये ४० च्या वर, लागाव्हुलिनमध्ये ३५, बोमोरमध्ये २५. बेटाबाहेरच्या स्प्रिंगबँकमध्ये १२ ते १५. परंतु या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नये. ते वाळवलेल्या बार्लीचे आहेत, बाटलीतील मद्याचे नव्हेत. आंबवणे, ऊर्ध्वपातन आणि पिंपातली वर्षे या प्रत्येक टप्प्यावर फिनॉल घटत जाते; म्हणून सारखेच माल्ट वापरणाऱ्या दोन डिस्टिलऱ्यांचा धूर सारखा लागत नाही.

आयला म्हणजे धूरच, हे समीकरणही अर्धेच खरे. त्याच बेटावरील बुनाहाव्हनने १९६० च्या दशकात ब्लेंडरांच्या मागणीपुढे मान तुकवून पीट जवळजवळ बंद केले. १९८० च्या दशकात व्हिस्कीचा बाजार कोसळला तेव्हा आर्डबेगला टाळे लागले आणि १९८३ मध्ये पोर्ट एलन बंद पडली. ज्या धुराला आज रसिक भक्तिभावाने डोक्यावर घेतात, तो चाळीस वर्षांपूर्वी नकोसा माल होता. १९८८ मध्ये एका मोठ्या कंपनीने लागाव्हुलिन, टॅलिस्कर यांसह सहा माल्टांचा ‘क्लासिक माल्ट्स’ नावाचा संच बाजारात मांडला, आणि प्रांतवार चवींची जी भाषा आज सनातन वाटते ती तेव्हापासून सर्वदूर पसरली.

आता सह्याद्रीच्या या बाजूला येऊ. येथे प्रश्न धुराचा नव्हता, धान्याचाच होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळपावर सरकारी पकड घट्ट केली, गावोगावच्या भट्ट्या मोडून मध्यवर्ती डिस्टिलऱ्यांची पद्धत रुजवली. १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. स्कॉटलंडमध्ये डोंगरी भट्टीवाला परवाना घेऊन कारखानदार होऊ शकला. कोकणपट्टीतील आदिवासी मात्र आपल्याच झाडाच्या फुलांसाठी गुन्हेगार ठरला. दोन्हीकडे राज्य एकच होते. हा भेद केला नसता तर मोहाच्या मद्यालाही जाणकारांची परंपरा लाभली असती, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

राष्ट्रीय चळवळीने मद्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधने झाली. १९३० च्या कायदेभंगात परदेशी कापड आणि दारू या दोन्हींच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीखाली प्राण देणारे बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे. याच पाण्यावर घोड खोऱ्यात ऊस वाढला.

ऊस म्हणजे साखर आणि साखर म्हणजे मळी. भारतात ‘व्हिस्की’ नावाने जे विकले जाते त्यातील मोठ्या हिश्श्याचा पाया दशकानुदशके या मळीपासून केलेला शुद्ध मद्यार्क हाच राहिला. त्यात रंग, स्वाद आणि कधी थोडी माल्ट व्हिस्की मिसळली जाई. युरोपच्या कायद्यानुसार मळीचे हे पेय व्हिस्कीच नव्हे. म्हणजे उसाच्या पट्ट्यातील माणूस ज्याला व्हिस्की म्हणून ओळखत आला त्याची आई बार्ली नव्हे, ऊस. त्याच्या जिभेला धूर अनोळखी वाटतो तो या कारणाने. तिच्यात काही उणीव आहे म्हणून नव्हे.

त्यात दारूबंदी. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५० पासून इलाख्यात बंदी लागू झाली, १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द केल्या आणि मुख्य गाभा कायम ठेवला. पुढे बंदी सैल झाली, कायदा राहिला. आजही महाराष्ट्रात मद्य विकत घेण्यास आणि पिण्यास परवाना लागतो. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१, अन्य मद्यासाठी २५. पिणे हा जेथे कागदोपत्री अपवाद आहे, तेथे चव घडवण्याची संस्कृती उघडपणे वाढणे कठीणच. शिवाय गावांतून मद्याने केलेली राखरांगोळी खोटी नाही. महिलांच्या मतदानाने दुकान बंद करण्याची ‘आडवी बाटली’ची तरतूद याच राज्याने केली, आणि ती अनेक गावांनी वापरली. व्हिस्कीच्या रसिकतेबद्दल लिहिताना हे विसरणे बरे नव्हे.

असे असूनही हलका धूर येथे आला. कसा, तर टीचर्सच्या बाटलीतून. विल्यम टीचर या ग्लासगोच्या व्यापाऱ्याच्या घराण्याने १८८४ मध्ये ‘हायलंड क्रीम’ हे नाव नोंदवले आणि मिश्रणाला पुरेल इतके धुरकट माल्ट हवे म्हणून अ‍ॅडम टीचरने १८९८ मध्ये अ‍ॅबर्डिनशायरमध्ये आर्डमोर डिस्टिलरी बांधली. ती लोहमार्गालगत होती, कोळसा दारात येत होता, तरी तिने पीट सोडले नाही, कारण घरच्या ब्लेंडची ओळखच त्या धुरात होती. आर्डमोरच्या पीटेड माल्टमध्ये फिनॉल १२ ते १४, म्हणजे स्प्रिंगबँकच्याच पंक्तीत. टीचर्स भारतात कित्येक वर्षे बाटलीबंद होत आहे. पुण्या-मुंबईच्या ज्या मंडळींनी लग्नसराईत किंवा बढतीच्या आनंदात टीचर्स सोड्यासह घेतली, त्यांनी पीटचा धूर कधीच चाखला आहे. त्याला नाव तेवढे दिले नव्हते.

त्यानंतरचा टप्पा बंगळुरूचा. १९४८ मध्ये राधाकृष्ण जगदाळे यांनी अमृत डिस्टिलरीज स्थापन केली. आडनाव मराठी वाचकाला परके नाही. सैन्याच्या कँटीनला रम पुरवणाऱ्या या कंपनीत त्यांचे पुत्र नीलकंठ जगदाळे यांच्या काळात बार्लीपासून माल्ट गाळण्यास आरंभ झाला, तोही ब्लेंडमध्ये घालण्यापुरता. नातू रक्षित जगदाळे इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला शिकत असताना भारतीय सिंगल माल्ट तेथे विकला जाईल काय, याचा त्यांनी अभ्यास केला. ऑगस्ट २००४ मध्ये अमृत सिंगल माल्टचे पदार्पण झाले ते थेट ग्लासगोत. धाडस म्हणावे की खोडी, हे ठरवणे अवघड.

धुराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती २००९-१० ची अमृत फ्यूजन. त्यात भारतीय बार्ली निर्धूर असते आणि स्कॉटलंडहून आणलेली बार्ली पीटेड. दुसरीचा वाटा साधारण चतुर्थांश. म्हणजे हायलंड पार्कचीच युक्ती, पण दोन देशांत वाटलेली. इंग्रज समीक्षक जिम मरे याने आपल्या २०१० च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये तिला जगातील तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की ठरवले आणि भारतीय माल्टची थट्टा बरीचशी थांबली. बंगळुरात पिंपातून दर वर्षी दहा टक्क्यांच्या आसपास मद्य उडून जाते. स्कॉटलंडमध्ये सुमारे दोन. त्यामुळे मद्य लवकर मुरते, ओकच्या पिंपातील व्हॅनिला आणि गोडी जोमाने उतरते, आणि त्या गोडीच्या पार्श्वभूमीवर धूर बोचत नाही. उष्ण हवामान हे कमीपणाचे नसून हलक्या धुराला पोषक आहे, हे फ्यूजनने दाखवून दिले.

गोव्यात कुंकळ्ळीला जॉन डिस्टिलरीजने हेच निराळ्या तऱ्हेने केले. २०१२ मध्ये त्यांची पॉल जॉन ही माल्ट ब्रिटनमध्ये उतरली. ‘ब्रिलियन्स’ निर्धूर, ‘एडिटेड’ हलक्या धुराची, ‘बोल्ड’ पुरती धुरकट. पीट स्कॉटलंडहून येते, बार्ली भारतीय आहे. नव्या जिभेसाठी हा संच शिकवणीसारखा उपयोगी आहे, कारण पात्र, हवा आणि बार्ली सारखी ठेवून धूर तेवढा बदलतो. ब्रिलियन्स आणि एडिटेड शेजारी ठेवून अर्धा अर्धा पेग चाखला, तर पीट म्हणजे नेमके काय हे दहा लेखांपेक्षा लवकर कळेल.

बाकी क्रम असा लावता येईल. एडिटेड किंवा फ्यूजनपासून आरंभ. त्यानंतर आर्डमोर किंवा हायलंड पार्क. मग स्प्रिंगबँक, मिळाली आणि परवडली तर. तेथून बोमोर आणि टॅलिस्कर. दोन्हींत समुद्राचा खारेपणा धुराला साथ देतो. लाफ्रॉइगची घाई करू नये. तिच्यात औषधी वास आहे. जुन्या लाल कार्बोलिक साबणाचा वास ज्यांना आठवतो त्यांना तो ओळखू येईल, कारण कार्बोलिक म्हणजे फिनॉलच. काहींना तो पहिल्याच दिवशी आवडतो, अनेकांना कधीच नाही, आणि न आवडणे हा काही जिभेचा अडाणीपणा नव्हे. पेल्यात थोडे साधे पाणी घालावे, त्याने मद्यार्काची धग उतरते आणि धूर वेगळा कळतो. बर्फाने मात्र दोन्ही मरतात. वांग्याच्या भरिताची किंवा निखाऱ्यावर भाजलेल्या बांगड्याची संगत असल्यास धूर परका उरत नाही.

किमतीचा प्रश्न मोठा आहे. आयात व्हिस्कीवर केंद्राचे सीमाशुल्क दीर्घकाळ १५० टक्के होते आणि राज्याचा कर वेगळा. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणले. त्याआधी वर्षभर, टाळेबंदीत घरपोच मद्यविक्रीला मुभा देण्याची वेळ आली तेव्हा, उत्पादन शुल्क खाते निरगुडसरच्याच दिलीप वळसे पाटील यांच्याकडे होते. २०२५ च्या जूनमध्ये राज्याने विदेशी पद्धतीच्या मद्यावरील शुल्क पुन्हा वाढवले आणि धान्यापासून केलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या वर्गाला मान्यता दिली. २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉचवरील सीमाशुल्क १५० वरून ७५ टक्के आणि दहाव्या वर्षी ४० टक्के करण्याचे ठरले आहे. या साऱ्यात सर्वांत स्वस्त हलका धूर अजूनही टीचर्सच्याच बाटलीत आहे.